मॅच, मालिका आणि किरणोत्सव: स्ट्रीमिंगवरचं घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न दोन ओळीत उरकण्यासारखा नाही म्हणून दुकान बंद केल्यावर निवांत बसून लिहितोय. तुम्ही म्हणताय की मुलाची शाहू स्टेडियमवरची मॅच एका लोकल चॅनेलने यूट्यूबवर लाईव्ह दाखवली ती कायमची ठेवायचीय, सासूबाईंना संध्याकाळची मालिका नेट नसताना बघायचीय, आणि अंबाबाईचा किरणोत्सव पण दरवर्षी साठवायचाय. स्क्रीन रेकॉर्डर लावून बघितला तर मालिकेच्या जागी नुसता काळा पडदा आला (आवाज मात्र आला), आणि मॅचमध्ये आवाज हळूहळू मागं पडत गेला, शेवटी शेवटी तर गोल आधी आणि ओरडा नंतर.

राजारामपुरीत माझं व्हिडिओ मिक्सिंग आणि कॉम्प्युटरचं काम वीसेक वर्षं चालू आहे, व्हीएचएसच्या कॅसेटी सीडीवर करून देण्यापासून सुरुवात केलेली, त्यामुळं हे तिन्ही प्रकार रोज हाताखालून जातात. तुमच्या तीन गोष्टींची उत्तरं तीन वेगळी आहेत आणि सगळा घोळ इथंच होतो, लोक एकच स्क्रीन रेकॉर्डर तिन्हीकडं लावतात. स्क्रीन रेकॉर्डर म्हणजे सिनेमा चालू असताना पडद्याचं शूटिंग करण्यासारखं आहे. मूळ वस्तू मिळत असताना तिचं शूटिंग कशाला करायचं?

आधी काळ्या पडद्याचं सांगतो. तो तुमच्या रेकॉर्डरचा दोष नव्हे. झी५, जिओहॉटस्टार, सोनीलिव्ह असल्या ॲपवरची मालिका कुलूप लावूनच घरी येते, त्या कुलपाला डीआरएम म्हणतात. क्रोम आणि अँड्रॉइडवर गूगलचं वाइडवाइन असतं, ॲपलचं फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी. कुलूप उघडून चित्र दिसतं ते एका राखीव जागेत, रेकॉर्डरला तिथं हात घालता येत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला काळा चौकोन येतो. आवाजाला बहुतेक वेळा तेवढा बंदोबस्त नसतो, म्हणून आवाज आला.

आता हे कुलूप तोडायच्या युक्त्या नेटवर पोत्याने पडल्यात, दुकानात पण आठवड्याला एकजण तरी विचारायला येतो. मी करून देत नाही आणि सांगत पण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम आलं, हक्काचा भंग करायच्या हेतूने असलं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्याच कायद्यात कलम ५२ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी वापराला सूट आहे, ती मी नाकारत नाही, पण ती सूट म्हणजे कुलूप तोडायचा परवाना नव्हे. शिवाय त्या मालिकेवर कॅमेरावाले, एडिटर, मेकअपवाले अशा किती लोकांचं पोट असतं, त्यातले कितीतरी आपल्या कोल्हापूरचेच असतात, आणि मी स्वतः ह्याच धंद्यातला आहे, त्यामुळं ह्या बाबतीत मी ऐकून घेत नाही.

सासूबाईंसाठी सरळ मार्ग असा की एक साधा टॅब घ्या, त्यात ॲप टाका, आणि रात्री वायफायवर त्यातल्याच डाउनलोडच्या बटणाने भाग उतरवून ठेवा. ती फाईल ॲपच्या आतच राहते, कॉम्प्युटरवर काढून उपयोग नाही, आणि तिला मुदत असते, बऱ्याच ठिकाणी एकदा प्ले केलं की ४८ तासांत संपवावं लागतं. म्हणजे हे बघण्यासाठी आहे, जपून ठेवण्यासाठी नाही. कॉम्प्युटरवर तर ही सोय उलट कमीच होत चाललीय, नेटफ्लिक्सच्या विंडोज ॲपमध्ये डाउनलोड होतं ते २०२४ मध्ये काढून टाकलं.

टीव्हीवरचं खरंच कॉम्प्युटरवर ठेवायचं असेल आणि सह्याद्रीवरचे कार्यक्रम चालत असतील, तर एक जुना रस्ता आहे जो लोक विसरलेत. दूरदर्शनची फ्री डिश, म्हणजे महिन्याचे पैसे न भरता चालणारी छत्री. तिचा सिग्नल जीसॅट-१५ वरून येतो, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे कोल्हापुरातनं डिशचं तोंड आग्नेयेला. सह्याद्री त्यावर विनाकुलूप येतं. डीव्हीबी-एस२ चं (म्हणजे डिशचा सिग्नल वाचणारं) ट्यूनर कार्ड किंवा यूएसबी ट्यूनर कॉम्प्युटरला लावला की थेट टीएस नावाची व्हिडिओ फाईल डिस्कवर उतरते, जशी आकाशातनं आली तशीच, दर्जा कणभर कमी नाही. यूएसबीचं भोक असलेले साधे फ्री-टू-एअर (विनाकुलूप चॅनेल दाखवणारे) बॉक्स पण पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करतात. पैसे भरायच्या डीटीएच बॉक्समधलं रेकॉर्डिंग मात्र त्या बॉक्सवरच चालतं, हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावून बघणारे बरेच येतात, काही दिसत नाही. आणि जुलैत आपल्याकडं पाऊस जोराचा लागला की डिशचा सिग्नल जाणारच, रेकॉर्डिंगमध्ये तेवढे चौकोन पडणारच, त्याला इलाज नाही.

आता मॅच. हा तुमच्या प्रश्नातला खरा महत्त्वाचा भाग, कारण मालिका परत लागेल, मुलाचा गोल परत लागणार नाही.

स्ट्रीमिंग चालतं कसं ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सलग अशी एक फाईल तुमच्याकडं येतच नसते. व्हिडिओचे बारीक बारीक तुकडे केलेले असतात, साधारण सहा-सहा सेकंदांचे, आणि त्या तुकड्यांची एक यादी असते, साधी टेक्स्ट फाईल, तिचं एक्स्टेंशन एम३यू८. ही एचएलएस पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणली, तिच्याच धर्तीवर डॅश म्हणून दुसरी आहे. प्लेअर यादी वाचतो, तुकडा मागवतो, दाखवतो, पुढचा मागवतो. प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत तयार असतो आणि तुमचं नेट जसं असेल तसा प्लेअर निवडतो, म्हणून मॅच बघता बघता मध्येच चित्र मळकट होतं आणि परत साफ होतं. स्क्रीन रेकॉर्डरने घेतलं तर हे मळकट तुकडे पण तसेच कायमचे छापले जातात. उलट तुकडेच उतरवून जोडले तर सगळे वरच्या दर्जाचे घेता येतात, आणि परत कॉम्प्रेशन होत नाही म्हणून चित्र जसंच्या तसं राहतं. लाईव्हमध्ये यादी सरकती असते, नवे तुकडे खाली जोडले जातात आणि जुने वरून गळतात, म्हणून उशिरा सुरू केलं तर सुरुवात मिळेलच असं नाही.

पण ताई, हे करायच्या आधी दुसरं एक करा. त्या चॅनेलवाल्याला फोन करा. लाईव्ह करणारी ही पोरं लॅपटॉपवर ओबीएस किंवा व्हीमिक्स असलं लाईव्ह दाखवायचं सॉफ्टवेअर चालवतात, आणि त्यात स्ट्रीम चालू असतानाच डिस्कवर वेगळं रेकॉर्डिंग पण करता येतं, शहाणा माणूस ते करतोच. ते रेकॉर्डिंग यूट्यूबवर गेलेल्या मालापेक्षा कधीही सरस असतं, कारण यूट्यूब आलेला व्हिडिओ परत दाबून बारीक करतं आणि मैदानावरचं गवत आणि पळणारे खेळाडू ह्यातच तो दाब सगळ्यात जास्त दिसतो, जर्सीवरचा नंबर वाचता येत नाही. नसेल रेकॉर्डिंग ठेवलेलं, तर त्याला म्हणावं यूट्यूब स्टुडिओतनं स्वतःचाच व्हिडिओ उतरवून दे, मालकाला ती सोय आहे, फक्त तिथं ७२० किंवा ३६० चीच फाईल मिळते. आणि घाई करा. यूट्यूब १२ तासांच्या आतलं लाईव्ह आपोआप साठवून ठेवतं, त्याच्यावर गेलं तर भरवसा नाही, पण खरी भीती वेगळीच असते: चॅनेलवाले गाण्याच्या कॉपीराइटचा क्लेम आला, भांडण झालं, नाव बदललं की व्हिडिओ खाजगी करून टाकतात. पेठेतल्या एका मंडळाची अख्ख्या सीझनची मॅचेसची यादी अशीच एका रात्रीत गेलेली मी बघितलीय, आणि ज्यांच्या पोरांनी त्यात खेळलं त्यांच्याकडं आता मोबाईलवरचे तीस सेकंदाचे स्टेटस तेवढे उरलेत.

चॅनेलवाल्याने 'घ्या की काका, काय विषय नाही' म्हटलं पण स्वतः काढून द्यायला त्याला वेळ नाही, असं झालं तर वायटी-डीएलपी हे व्हिडिओ उतरवायचं सॉफ्टवेअर वापरा. परवानगी आधी घ्याच, यूट्यूबच्या अटींत बटण दिलेलं नसेल तिथं परवानगीशिवाय उतरवायला मनाई आहे. वायटी-डीएलपी फुकट आहे, जुन्या यूट्यूब-डीएलमधनं फुटून २०२१ मध्ये निघालं, खिडक्या-बटणं काही नाहीत, काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची. घाबरू नका, लिंक चिकटवली की काम सुरू. दोन गोष्टी मात्र लोक विसरतात आणि मग दुकानात येतात. पहिली, सोबत एफएफएमपेग हे चित्र-आवाज जोडणारं सॉफ्टवेअर पाहिजे, कारण वरच्या दर्जात यूट्यूब चित्र वेगळं आणि आवाज वेगळा पाठवतं, आणि जोडणारा नसेल तर दोन फायली हातात येतात, एक मुकी आणि एक आंधळी. आता त्याला डेनो नावाचा आणखी एक मदतनीस पण लागतो, यूट्यूबच्या पानावरचं जावास्क्रिप्ट सोडवायला. दुसरी, हे सॉफ्टवेअर सतत अपडेट ठेवायचं, यूट्यूबने आतनं काही बदललं की काल चाललेलं आज चालत नाही, आणि तेव्हा नवीन आवृत्ती टाकणं हाच उपाय.

फॉरमॅट निवडताना तुमच्या हॉलमधल्या टीव्हीचा विचार करा. काहीच सांगितलं नाही तर ते सगळ्यात भारी फॉरमॅट उचलतं, बरेचदा एव्ही१ किंवा व्हीपी९ चं चित्र आणि ओपसचा आवाज, कॉम्प्युटरवर छान चालतं आणि दहा वर्षं जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की 'फाईल सपोर्टेड नाही'. म्हणून एच.२६४ चं चित्र आणि एएसीचा आवाज असंच मागवा, हे जिथं तिथं चालतं. जागेचा हिशोब साधा आहे: सेकंदाला ५ मेगाबिटचा व्हिडिओ तासाला सव्वादोन जीबी खातो, अडीच मेगाबिटचा त्याच्या निम्मं. नव्वद मिनिटांची मॅच मध्यंतर आणि आधी-नंतरचं धरून दोन तास पकडा, म्हणजे चार-साडेचार जीबी. आणि इथंच पेनड्राइव्ह रुसतो, कारण फॅट३२ ह्या जुन्या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा रिकामा असला तरी ती घेत नाही. तो एक्सफॅट ह्या फॉरमॅटमध्ये करून घ्या.

आता किरणोत्सव, म्हणजे चालू लाईव्ह त्याच वेळी पकडायचं. तारखा ठरलेल्या, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, आणि मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन देवीपर्यंत पोचतात तो खेळ काही मिनिटांचाच. तिथं 'परत एकदा' नाही. लाईव्ह दाखवणाऱ्याची ना हरकत असेल तर वायटी-डीएलपीमध्ये लाईव्ह सुरुवातीपासून घ्यायचा पर्याय आहे तो लावा, आणि शिवाय कॉम्प्युटरवर ओबीएसने पण रेकॉर्ड करत राहा, इथं मी स्क्रीन रेकॉर्डिंगला हो म्हणतो, कारण हा दुसरा दोर आहे. सूर्यास्ताच्या निदान अर्धा तास आधी सुरू करा. लाईव्ह प्रत्यक्षापेक्षा वीस-तीस सेकंद मागं असतं हे पण लक्षात ठेवा, देवळात उभ्या असलेल्या बहिणीने फोनवर 'आली आली' म्हटलं तरी तुमच्या पडद्यावर यायला वेळ आहे, म्हणून फोन ऐकून रेकॉर्डिंग बंद करू नका.

ओबीएसमध्ये एक सेटिंग मी सगळ्यांना हात धरून बदलायला लावतो. रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही. एमपी४ नको. ह्याचं कारण मी स्वतः भोगलंय. खासबागेतल्या एका कुस्ती मैदानाचं लाईव्ह मी एका पैलवानाच्या वडिलांसाठी घेत होतो, त्यांनी आयोजकांना विचारून परवानगी आणलेली. पावणेदोन तास झाले होते, त्यांच्या पोराची कुस्ती लागून गेलेली, चितपट, आणि लाईट गेली. दुकानाचा इन्व्हर्टर त्या कॉम्प्युटरला जोडलेला नव्हता. लाईट आल्यावर बघतो तर फाईल जागेवर, आकार ३ जीबीच्या वर, आणि उघडत नाही. एफएफएमपेगला विचारलं तर एकच ओळ, 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड'. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका, कुठली फ्रेम कुठं आहे ते सांगणारी, ती सगळ्यात शेवटी लिहिली जाते, रेकॉर्डिंग नीट बंद केल्यावर. लाईट गेली म्हणजे ती लिहिलीच नाही, आत तीन जीबी कुस्ती आहे पण पत्ता कुणालाच माहीत नाही. अनट्रंक नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याला त्याच कॉम्प्युटरवर त्याच सेटिंगने केलेली एक धड फाईल नमुना म्हणून द्यायची, त्यावरनं ते तुटकी फाईल सोडवायचा प्रयत्न करतं. तीन रात्री बसलो, चित्र आलं, आवाज तुटक आला. वडिलांना तेवढंच दिलं, त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला अजून ते मनात आहे. एमकेव्ही असता तर लाईट गेल्याच्या क्षणापर्यंतचं सगळं जागेवर मिळालं असतं. नव्या ओबीएसमध्ये हायब्रिड एमपी४ म्हणून आलंय ते पण अशा वेळी वाचतं, तरी मी एमकेव्हीवरच आहे. नंतर ओबीएसच्याच फाईल मेन्यूतनं रीमक्स केलं की काही सेकंदांत एमपी४ होतो, नुसतं डबं बदलतं, आतला माल तोच.

तुमच्या आवाज मागं पडायचं कारण पण इथंच सांगतो. बहुतेक साधे रेकॉर्डर फ्रेम कमी-जास्त वेगाने घेतात, कॉम्प्युटर दमला की फ्रेम सोडतात, आवाज मात्र आपल्या चालीने चालत राहतो, आणि दोन तासांत दोघांत अंतर पडतं. दुसरं कारण, विंडोजचा साउंड ४४.१ किलोहर्ट्झवर आणि रेकॉर्डर ४८ वर. दोन्ही ४८ करा. ओबीएसमध्ये फ्रेम रेट २५ किंवा ५० ठेवा, आपल्याकडच्या कॅमेऱ्यांचं शूट बहुतेक २५ चंच असतं, ३० वर घेतलं की पळणारा खेळाडू अडखळल्यासारखा दिसतो. रेकॉर्डिंगच्या वेळी कॉम्प्युटरला स्लीप नको, विंडोज अपडेट थांबवून ठेवा, वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढा, आणि राउटर पण इन्व्हर्टरवर पाहिजे, कॉम्प्युटर चालू आणि राउटर बंद असं झालं तर काय उपयोग.

ठेवायचं कसं ह्यावर पण थोडं. फाईलचं नाव तारखेपासून सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कोण विरुद्ध कोण, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते. जुन्या टीव्हीवर मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणून टीव्हीसाठीच्या प्रतीला इंग्रजी नाव द्या. आणि एका डिस्कवर आहे म्हणजे आहे असं धरू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा लोकांनी माझ्याकडं चिखलाने भरलेल्या हार्डडिस्क आणल्या, लग्नं, बारशी, आजोबांची शेवटची वर्षं, सगळं त्यात. ज्यांनी 'चालते का बघू' म्हणून घरीच लावून बघितल्या त्यांच्यातलं काहीच निघालं नाही, भिजलेली डिस्क वीज न देता तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्यायची असते. तुमचं घर नदीकडच्या बाजूला असेल तर दुसरी प्रत माहेरी, किंवा वरच्या पेठेत कुणाकडं तरी ठेवा.

मला ह्या गोष्टीची एवढी तळमळ का, ते पण सांगतो. बाबूराव पेंटरांनी १९१७ च्या सुमारास ह्याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा पण इथंच बनवला, आणि त्या कंपनीचे मूकपट आज बहुतेक उरलेच नाहीत. ते करणारी माणसं ह्याच गल्ल्यांतली होती. तुमच्या पोराचा गोल तेवढा मोठा नसेल पण तुमच्या घरात आहे.

तेव्हा आधी चॅनेलवाल्याला फोन, ह्याच आठवड्यात. जाताना ६४ चा पेनड्राइव्ह एक्सफॅट करून न्या, आणि त्याच्या लॅपटॉपवरच फाईल शेवटपर्यंत पुढं सरकवून बघा, दुसरा हाफ आहे ना ते. नंतर ओबीएसच्या सेटिंगला अडलात तर कॉम्प्युटर घेऊन यायची गरज नाही, स्क्रीनचा फोटो पाठवा, मी सांगतो.